लाकडी विमानाची बखर आणि मोडलेल्या फळीचा कागद

१/
दुसऱ्या महायुद्धावरील लेखमालांत 'मॉस्किटो' विमानाची कथा एका ठरावीक साच्यात सांगितली जाते. ब्रिटनमध्ये धातूची टंचाई, जेफ्री डी हॅविलँड नावाचा द्रष्टा, खुर्च्या-कपाटे बनवणारे सुतार, लाकूड, डिंक आणि जिद्द. अखेरीस मत्सराने जळणारा गोअरिंग. कथेत नायक आहे, खलनायक आहे, तात्पर्य आहे. एकच प्रश्न तिच्यात सापडत नाही: जेमतेम ११ मिलिमीटर जाडीची ती वाकवलेली लाकडी भिंत हवेत टिकली कशी, आणि ती टिकेल हे आधी कोणाला कशावरून कळले?

२/
महाराष्ट्रातील इतिहासप्रेमी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला भेद नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून हा भेद इथल्या इतिहासविचाराचा पाया आहे. तरीही तोच वाचक शिवकालीन लढाईसाठी पत्र मागतो आणि विसाव्या शतकातील यंत्रासाठी मात्र बखरीवर संतुष्ट राहतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासातही अस्सल कागद असतो. तो बहुधा एखाद्या मोडलेल्या नमुन्याचा चाचणी-अहवाल असतो.

३/
या मालेचा विषय आहे वक्र सँडविच पॅनेल: मॉस्किटोच्या धडापासून अंतराळयानाच्या इंधनटाकीपर्यंत वापरली गेलेली रचना. प्रतिपादन असे की, या रचनेचा इतिहास हा चमत्कारिक पदार्थांचा किंवा प्रतिभावंतांचा इतिहास म्हणून सांगणे ही दिशाभूल आहे. तो खरा गणित आणि चाचणी यांच्यातील अंतराचा इतिहास आहे. हे अंतर ज्यांनी मोजले, त्यांची नावे लोककथेत येत नाहीत. त्यांच्याशिवाय मात्र ती कथा घडलीच नसती.

४/
आधी रचना. पुठ्ठ्याचा खोका उकलून पाहिला तर दोन सपाट कागद आणि मध्ये नागमोडी कागद दिसतो. तिन्ही सुटे केले तर प्रत्येक लेचापेचा. एकत्र चिकटवले की खोका माणसाचे वजन पेलतो. सँडविच पॅनेल हेच करते. बाहेरून दोन पातळ, कणखर पृष्ठथर. मध्ये जाड पण हलका गाभा. गाभा बाल्सा लाकडाचा असेल, फोमचा असेल किंवा मधाच्या पोळ्यासारखा षट्कोनी कप्प्यांचा असेल.

५/
याचा लाभ साध्या अंकगणितात दिसतो. वाकण्यास होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एक पत्रा मधोमध चिरून त्याचे दोन थर केले आणि मध्ये गाभा घालून एकूण जाडी मूळच्या ४ पट केली, तर नवा ताठरपणा ४ चा घन वजा ३ चा घन, म्हणजे ६४ − २७ = ३७ पट होतो. पत्रा तेवढाच, वजनात भर फक्त हलक्या गाभ्याची आणि डिंकाची. एवढ्या स्वस्तात मिळालेली गोष्ट संशयास्पद वाटायला हवी, आणि ती तशी आहेच.

६/
हे ३७ पट एका अटीवर मिळतात: दोन्ही थर एकमेकांवरून घसरता कामा नयेत. शंभर पानी वही सहज वाकते, कारण पाने एकमेकांवरून सरकतात. तीच पाने चिकटवून टाकली की वहीची फळी होते. पॅनेलमध्ये हे सरकणे थोपवण्याचे, म्हणजे कर्तनबल सोसण्याचे काम गाभा आणि डिंक करतात. सर्वांत दुबळ्या घटकावर सर्वांत महत्त्वाची जबाबदारी पडते. म्हणून सँडविच पॅनेलचा इतिहास पृष्ठथरांपेक्षा सांध्यात शोधावा लागतो.

७/
आता वक्रता. अंड्याचे कवच सपाट करता आले असते तर ते बोटाने मोडले असते. गोलाव्यामुळे ते बराच दाब सोसते. वक्र पॅनेल भार स्वतःच्या पृष्ठाच्या दिशेने वाहून नेते, म्हणून ते सपाट पॅनेलपेक्षा बळकट असते. पण सपाट फळी दाबाखाली बाक धरल्यावरही काही काळ भार पेलत राहते, तर वक्र कवच एका क्षणी आकार सोडते आणि त्याची ताकद एकाएकी कोसळते. अभियंते या घटनेला बकलिंग म्हणतात. इतिहासकाराने तिला या क्षेत्रातील सर्वांत मोठा अपेक्षाभंग म्हणावे.

८/
त्या अपेक्षाभंगाची तारीख सांगता येते. १९०८ ते १९१४ या काळात लोरेन्झ, टिमोशेन्को आणि साउथवेल यांनी पातळ नळकांडे उभ्या दाबाखाली केव्हा बकल होईल याचे गणित मांडले. निष्कर्ष देखणा होता: मर्यादेचे प्रतिबल सुमारे ०.६ गुणिले पदार्थाचा स्थितिस्थापकता-गुणांक गुणिले जाडी भागिले त्रिज्या. सूत्रात चूक नव्हती. पाठ्यपुस्तकात ते आजही आहे.

९/
मग १९३० च्या दशकात धातूची विमाने आली आणि कोणीतरी नळकांडी प्रत्यक्ष दाबून पाहिली. १९३३ मध्ये अमेरिकेतील नॅका संस्थेत युजीन लुंडक्विस्ट यांनी ड्युरॅल्युमिनच्या नळकांड्यांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. १९३४ मध्ये लॉइड डॉनेल यांनी आपल्या चाचण्या आणि नवा सिद्धान्त मांडला. नमुने सूत्राने सांगितलेल्या भाराच्या निम्म्यावर, तिसऱ्या हिश्श्यावर, कधी त्याहूनही कमी भारावर मोडत होते. एकसारखे दिसणारे दोन नमुनेही एकाच भारावर मोडत नव्हते.

१०/
या प्रसंगाचे वजन ध्यानात घ्यावे. गणित निर्दोष, पदार्थ ज्ञात, यंत्र अचूक, आणि उत्तर चूक. भौतिकशास्त्रात असे घडले असते तर त्यावर कादंबऱ्या निघाल्या असत्या. पत्र्याच्या नळकांड्यांबाबत घडले, म्हणून ते तांत्रिक टिपणांच्या कपाटात पडून राहिले. लोकप्रिय इतिहासाची निवड इथे उघडी पडते: सिद्धान्ताचा विजय हा इतिहास, सिद्धान्ताची फजिती हा तपशील.

११/
१९३९ ते १९४१ मध्ये कॅलिफोर्नियात थिओडोर फॉन कार्मान आणि त्यांचे चिनी सहकारी च्येन श्वेसन यांनी दाखवले की, बकल झालेले कवच मूळ मर्यादेपेक्षा फार कमी भारावरही समतोल साधू शकते. च्येन पुढे अमेरिकेत संशयित ठरले, १९५५ मध्ये चीनला परतले आणि तिथल्या क्षेपणास्त्र-कार्यक्रमाचे प्रणेते झाले. ही नाट्यमय जीवनकथा असंख्य वेळा सांगितली जाते. ज्या मोडक्या नळकांड्यांनी त्यांच्यापुढे प्रश्न टाकला, ती त्या कथेत क्वचितच येतात.

१२/
समाधानकारक स्पष्टीकरण नेदरलँड्समधून आले. वॉर्नर कोइटर यांनी १९४५ मध्ये डेल्फ्ट येथे सादर केलेल्या प्रबंधात सिद्ध केले की, कवचाच्या आकारातील अगदी सूक्ष्म दोषही, जाडीच्या काही अंशांइतका, त्याची ताकद मोठ्या प्रमाणात घटवतो. प्रबंध डच भाषेत होता. त्याचा इंग्रजी अनुवाद १९६० च्या दशकात आला आणि तोवर इंग्रजीभाषक जगाला त्याचे पूर्ण मोल कळले नाही. ज्ञान कोणत्या भाषेत लिहिले गेले यावर त्याचा प्रवास किती अवलंबून असतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

१३/
दरम्यान अभियंत्यांना रॉकेटे उभी करायची होती. नासाने १९६५ मध्ये काढलेल्या आणि १९६८ मध्ये सुधारलेल्या एसपी-८००७ या मार्गदर्शिकेत मार्ग सरळ होता: आजवरच्या चाचण्यांतील नमुने ज्या भारांवर मोडले त्यांच्या तळाशी एक वक्ररेषा आखायची आणि गणिताच्या उत्तराला त्या रेषेच्या गुणकाने कापायचे. त्रिज्या जाडीच्या १००० पट असेल तर हा गुणक सुमारे ०.२२ येतो. म्हणजे सूत्राने १०० म्हटले तर अभियंता २२ धरणार. उरलेले ७८ कोणी शोधून काढले? मोडलेल्या नळकांड्यांनी.

१४/
आता सँडविचकडे. १९४० च्या जानेवारीत ब्रिटनच्या रॉयल एरोनॉटिकल सोसायटीच्या नियतकालिकात गॉफ, एलम आणि डी ब्राइन या तिघांचा लेख आला. विषय: सलग आधार देणारे माध्यम पातळ पत्र्याला बकल होण्यापासून कसे वाचवते. सँडविच पॅनेलच्या पृष्ठथराला पडणाऱ्या बारीक सुरकुत्यांच्या अभ्यासाचा हा आरंभबिंदू. यातील 'सी. एफ. एलम' म्हणजे धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स एलम. युद्धकाळात दुभंगणाऱ्या लिबर्टी जहाजांच्या पोलादाचा ठिसूळपणा उलगडणाऱ्या कॉन्स्टन्स टिपर त्या याच. मॉस्किटोच्या बखरीत सुतारांना जागा आहे, त्यांना नाही.

१५/
त्या क्षेत्रातील पुढचा कागद १९४५ चा. हॉफ आणि माउटनर यांनी सँडविच पॅनेलच्या सुरकुतीचे सूत्र काढले: पृष्ठथराचा व गाभ्याचा स्थितिस्थापकता-गुणांक आणि गाभ्याचा कर्तन-गुणांक या तिघांच्या गुणाकाराचे घनमूळ, त्याला ०.९१ ने गुणायचे. पण प्रत्यक्ष वापरासाठी त्यांनी ०.९१ च्या जागी ०.५ सुचवला. एका आकड्याची ही दुरुस्ती म्हणजे प्रयोगशाळेने गणिताला घातलेला लगाम आहे. आजही अभियंते तो ०.५ वापरतात, तो कुठून आला हे सांगणारा इतिहास मात्र विरळा.

१६/
या पार्श्वभूमीवर मॉस्किटोची बखर तपासावी. पहिले विधान: धातूच्या टंचाईतून ही रचना जन्मली. लाकडाच्या निवडीत युद्धाचा हिशेब होताच. पण रचना युद्धाच्या आधीची. डी हॅविलँड कंपनीच्या 'अल्बाट्रॉस' या प्रवासी विमानाचे पहिले उड्डाण मे १९३७ मधले आणि त्याचे धड प्लायवुड-बाल्सा-प्लायवुड असेच होते. १९३८ मध्ये जादा भाराच्या चाचणीत उतरताना त्याच्या दुसऱ्या नमुन्याची पाठ मोडली. दुरुस्ती झाली, रचना बळकट केली गेली. मॉस्किटोच्या वंशावळीत ही मोडलेली पाठ पूर्वज म्हणून नोंदवायला हवी.

१७/
दुसरे विधान: विमान पहिल्याच झटक्यात अद्भुत ठरले. २५ नोव्हेंबर १९४० रोजी हॅटफील्ड येथे ते प्रथम उडाले हे खरे. पण फेब्रुवारी १९४१ मध्ये बॉस्कम डाऊनच्या चाचणीकेंद्रात खडबडीत जमिनीवर शेपटीचे चाक अडकले आणि धडाचे कवच मागील दाराजवळ तडकले. वक्र कवचात दार कापले की भाराची वाट तुटते, आणि तडा बरोबर तिथेच जातो. नमुन्याला दुसऱ्या विमानाचे धड लावावे लागले आणि त्या दाराच्या वर एक जादा लाकडी पट्टी आली. तो पहिला नमुना लंडनजवळच्या संग्रहालयात आजही उभा आहे. ती पट्टी म्हणजे लाकडात लिहिलेला चाचणी-अहवालच.

१८/
तिसरे विधान भारताशी संबंधित आहे, म्हणून अधिक खटकणारे. १९४४ च्या उत्तरार्धात भारत-ब्रह्मदेश आघाडीवरील मॉस्किटो विमानांचे पंख हवेत निकामी होऊन अपघात झाले आणि नोव्हेंबरमध्ये तिथली उड्डाणे थांबवली गेली. बखर सांगते: पावसाळ्यात डिंक विरघळला. उष्ण देश, ओले हवामान, बिचारे इंग्रजी विमान. वसाहतवादी कथनाला सोयीचे असेच हे उत्तर. दोष हवामानाचा, म्हणजे कोणाचाच नाही.

१९/
प्रत्यक्षात उत्तराबाबत वाद होता. कंपनीच्या बाजूने हवामानामुळे लाकूड आक्रसल्याचे कारण पुढे आले. सरकारी चौकशीचा निष्कर्ष सदोष उत्पादनाकडे बोट दाखवणारा होता. सांधे नीट जुळले नव्हते, पंखाची फळी आणि कणा यांच्यात डिंकाची पकड अपुरी होती. पुढे त्या सांध्यावर प्लायवुडची पट्टी बसवण्याची सुधारणा झाली. हवामानाने दोष उघड केला असेल, पण तो जन्मला कारखान्यात. पंख मोडलेल्या विमानांतील वैमानिकांना हा भेद कळण्याची संधी मिळाली नाही. इतिहास लिहिणाऱ्याला ती आहे.

२०/
मॉस्किटो ७,७०० हून अधिक संख्येने बनली. म्हणजेच तेच वक्र पॅनेल हजारो वेळा, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कारखान्यांत, ब्रिटनमध्ये, कॅनडात, ऑस्ट्रेलियात चिकटवले गेले. बखर याला 'सुतारांचे कौशल्य' म्हणते. परंतु कौशल्याची कसोटी असल्याशिवाय कौशल्य ही केवळ स्तुती ठरते. नॉर्मन डी ब्राइन यांच्या डक्सफर्डच्या कंपनीने बनवलेला 'एरोलाइट' हा कृत्रिम डिंक केसिनच्या जागी आला, तोही दमट हवेतील टिकाऊपणाचा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवूनच. सुतारांचा सन्मान करायचा तर त्यांच्या कामाची तपासणी करणाऱ्यांचाही करावा.

२१/
युद्धानंतर लाकूड गेले, प्रश्न राहिला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने १९४० च्या दशकात प्लायवुड आणि सँडविच पॅनेलांवर अहवालांची रांग लावली. त्यांत वक्र पॅनेलेही होती. प्रत्येक अहवालाचा साचा सारखाच: नमुन्याची मापे, गणिताने सांगितलेला भार, प्रत्यक्षात मोडण्याचा भार, मोडण्याची तऱ्हा. तक्त्यांमागून तक्ते. नायक नाही, खलनायक नाही. पण हवाईदलाच्या हस्तपुस्तकातील आकडे जिथून आले, ती ही जागा.

२२/
बखरीच्या मोहाची खरी किंमत १९९९ मध्ये दिसली. नासा आणि लॉकहीड मार्टिन यांच्या एक्स-३३ या यानाच्या कार्यक्रमात द्रव हायड्रोजनची टाकी कार्बन तंतूंच्या संमिश्राची, पोळ्यासारख्या गाभ्याची आणि अनेक गोलाकार पाकळ्यांची होती: वक्र संमिश्र सँडविच पॅनेलांचाच एक महाकाय जोड. 'संमिश्र टाकी म्हणजे भविष्य' ही तेव्हाची घोषणा. ३ नोव्हेंबरला मार्शल केंद्रात तिची चाचणी झाली. टाकी भरली, दाब दिला, भार दिला. सर्व पार पडले.

२३/
टाकी रिकामी केल्यावर ती फुटली. आतील थराला सूक्ष्म तडे गेले होते. उणे २५३ अंशांच्या थंडीत गाभ्यातील वायू गोठून पोकळी निर्माण झाली. त्या पोकळीने आतून हायड्रोजन आणि बाहेरून नायट्रोजन ओढून घेतला. टाकी कोमट होऊ लागली तसा कोंडलेला वायू प्रसरण पावला आणि त्याने सँडविचचे थर एकमेकांपासून उचकटले. सांध्याची ताकद अपेक्षेपेक्षा कमी होती, आणि सांध्यात बांधणीच्या वेळी राहिलेला टेपचा तुकडाही सापडला. २००१ मध्ये कार्यक्रम बंद झाला.

२४/
हे अपयश संगणकाच्या अभावाचे नव्हते. सान्त-घटक पद्धत, म्हणजे रचनेचे हजारो तुकडे कल्पून प्रत्येकाचे समीकरण सोडवण्याची रीत, १९५६ पासून प्रगत होत होती. पण प्रतिमान त्यात घातलेल्या गृहीतांबाहेर पाहू शकत नाही. 'गाभ्यात वायू शिरेल' हे ज्याने गृहीत धरले नाही, त्याच्या पडद्यावर टाकी शाबूत राहते. भार उतरल्यानंतर मोडणारी रचना ही गणिताला सुचलेली कल्पना नव्हती. ती चाचणीने शिकवली.

२५/
इथे प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे विचारात घ्यावे. ते असे: आजची प्रतिमाने फार पुढे गेली आहेत, प्रत्येक पॅनेल मोडून पाहणे खर्चिक आहे, आणि १९६८ च्या वक्ररेषेला चिकटून राहिल्याने याने नाहक जड होतात. यातील प्रत्येक मुद्दा खरा आहे. सँडविच कवच तुलनेने जाड असल्याने सूक्ष्म दोषांना कमी दाद देते. जुन्या धातूच्या नळकांड्यांचा गुणक त्याला लावणे अन्यायाचे आहे.

२६/
पण हा अन्याय दूर कसा झाला ते पाहावे. नासाने २००७ मध्ये या गुणकांच्या पुनर्विचाराचा प्रकल्प हाती घेतला. २०११ मध्ये मार्शल केंद्रात ८.४ मीटर व्यासाचे अ‍ॅल्युमिनियम-लिथियमचे नळकांडे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांनी रंगवून, कॅमेऱ्यांनी प्रत्येक ठिपक्याची हालचाल टिपत, मोडेपर्यंत दाबले गेले. पुढे २.४ मीटर व्यासाची संमिश्र सँडविच नळकांडीही तशाच कसोटीला लागली. एसपी-८००७ ची नवी आवृत्ती २०२० मध्ये निघाली. प्रतिमानावरचा विश्वास वाढला तो या मोडतोडीमुळे. चाचणी कमी करण्याचा अधिकारही चाचणीनेच कमवावा लागतो.

२७/
प्रवासी विमानांबाबतही हेच. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या न्यू जर्सीतील केंद्रात धडाच्या वक्र पॅनेलांना आतून हवेचा दाब आणि कडांना ताण देणारी यंत्रणा आहे. तिथे सँडविच पॅनेलांना मुद्दाम भोके आणि खाचा पाडून ती तपासली गेली. निर्दोष पॅनेल कसे वागते यापेक्षा जखमी पॅनेल किती तग धरते हा प्रश्न महत्त्वाचा मानून. मार्च २००५ मध्ये क्यूबाहून निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए-३१० विमानाचे सुकाणू हवेतच निसटले. तेही कार्बन थरांचे सँडविच. २७१ जण सुखरूप परतले; आणि चौकशीने दाखवून दिले की नुसत्या डोळ्यांनी पाहून किंवा ठोकून ऐकून सांध्याच्या आतील इजा ओळखण्याची रीत अपुरी होती.

२८/
दुसरा आक्षेप वाचकांच्या नावाने घेतला जातो: तरुणांना कथा हवी, तक्ते कोण वाचणार? हा आक्षेप तरुण वाचकाचा अपमान आहे. जो वाचक मोडी कागदावरील तारखेसाठी शके आणि हिजरी सनांचा मेळ घालतो, त्याला '१०० चे २२ का झाले' हे कोडे जड जाणार नाही. उलट ते त्याला आवडेल, कारण त्यात रहस्य आहे, पुरावा आहे आणि मानहानी पत्करून सत्य मान्य करणारी माणसे आहेत. तक्ता नीरस नसतो. तो न वाचता सांगितलेली कथा नीरस असते.

२९/
म्हणून यापुढे कोणत्याही यंत्राची गाथा वाचताना तीन प्रश्न विचारावेत. पहिला: हे यंत्र वापरात येण्यापूर्वी काय मोडले, आणि ते कोणी नोंदवले? दुसरा: गणिताचे उत्तर आणि चाचणीचे उत्तर यांत किती फरक होता? तिसरा: अपघाताचे खापर हवामानावर, नशिबावर किंवा अनाम कामगारावर फोडले असेल, तर तो निष्कर्ष कोणी काढला आणि त्यात त्याचा लाभ काय? ज्या लेखात या तिन्हींचे उत्तर नाही, तो लेख रंजक असेल. त्याला इतिहास म्हणण्याची घाई करू नये.

३०/
यातून मॉस्किटोचे मोठेपण उणावत नाही. उलट अल्बाट्रॉसची मोडलेली पाठ, बॉस्कम डाऊनचा तडा, १९४० च्या लेखातील एलम यांचे नाव आणि भारतात निखळलेले पंख या सर्वांसह सांगितलेली कथा अधिक खरी आणि अधिक माणसांची होते. दोन पातळ थरांना एकत्र धरणारा गाभा बाहेरून दिसत नाही. तो तपासायचा असेल तर पॅनेल कापावे लागते. यंत्राच्या इतिहासाचे कामही तेच आहे.

(समाप्त)